एकट्याचा तंबू

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. खानापूरच्या रानात वन्यप्राण्यांच्या नोंदी घेणाऱ्या एका अभ्यासगटात त्याची निवड झाली होती आणि सहा रात्री रानालगत काढावयाच्या होत्या. पहिल्या पगारातून बाजूस काढलेले थोडे पैसे त्याच्या खिशात होते. "सर, एका माणसापुरता तंबू घ्यायचा तर कोणता घेऊ?" एवढाच त्याचा प्रश्न होता. आम्ही वाङ्मयाचे शिक्षक, तंबूचे व्यापारी नव्हे. परंतु मागे एकदा चुकीचा तंबू घेऊन आम्ही स्वतः एक रात्र भिजून काढली होती. तेवढ्या भांडवलावर आम्ही त्यास चार गोष्टी सांगितल्या. त्याच येथे आमच्या विद्यार्थी मित्रांसाठी थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

रानात मुक्काम करण्याची विद्या आपल्याकडे शिकारीच्या निमित्ताने वाढली. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मृगयेचे सविस्तर वर्णन आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराज शिकारीचे मोठे षोकी होते आणि तेथे शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. निपाणीहून मुधाळ तिट्टा व राधानगरीवरून फोंडा घाटाकडे जो रस्ता जातो, त्याच रस्त्यावर दाजीपूरचे रान लागते. ते एके काळी छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. त्या शिकारीचे वैभव मोठे असे. डेरे, राहुट्या, कनाती, स्वयंपाकाची पाले, हाकारे घालणारी माणसे, सामानाच्या गाड्या असा सारा संसार रानात उतरे.

पण ते वैभव गेले आणि ते गेले हे बरेच झाले. भारतातील अखेरचे तीन चित्ते 1947 साली मध्य भारतात गोळीस बळी पडल्याची नोंद आहे आणि 1952 साली तो प्राणी देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. दाजीपूरचे रान 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली. 2011 साली आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगड हेही अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज आपल्या रानात जो रात्र काढतो तो नेम धरण्यासाठी नव्हे, नोंद करण्यासाठी काढतो. तथापि प्राण्याच्या वाटेवर थांबणे, वारा ओळखणे आणि अंगावरचे ओझे मोजून वाहणे या शिकाऱ्याच्या तीन विद्या त्यास आजही शिकाव्याच लागतात. यांपैकी तिसरी विद्या तंबूच्या निवडीत कसास लागते.

जुन्या काळी तंबूंची नावेच वजनावरून पडत. इंग्रजी अमदानीत चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी असे तंबू असत. त्यांतला हलका मानला जाणारा चाळीस पौंडी तंबूही सुमारे अठरा किलो भरतो. साहेबास तो हलका वाटे, कारण तो साहेबाच्या पाठीवर नसे. हमालाच्या अथवा खेचराच्या पाठीवर असे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात आजही परवाना घेऊन शिकार चालते. तेथील एकटा शिकारी अन्न, पाणी, अंथरूण आणि तंबू पाठीवर घेऊन दिवसच्या दिवस चालतो. त्याच्यासाठी व त्याच्यासारख्या पदयात्रिकांसाठी जे एकमाणशी तंबू निघाले, ते बहुधा एक ते दोन किलोंच्या दरम्यान असतात. ज्याचा निवारा त्याच्याच पाठीवर, हा यातील नवा नियम आहे. म्हणून पहिली कसोटी दुकानात न लावता पाठीवर लावावी. तंबू पिशवीत घालून, त्यासोबत दोन दिवसांचे पाणी व शिधा बांधून, गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत चालून यावे. टेकडीच्या निम्म्यावर जो तंबू नकोसा होतो तो विकत घेऊ नये.

खरे पाहता एकट्याचा निवारा ही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. जांबोटी-कणकुंबीकडे भाताची लावणी करणाऱ्या बायांच्या पाठीवरील इरले आठवून पाहा. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्ये दाबून बसवलेली पाने, डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे. पाऊस वरून निथळून जातो, पुढली बाजू उघडी असल्यामुळे वारा खेळतो आणि आतील माणूस घुसमटत नाही. तिकडे निपाणी-चिकोडीच्या माळावर शेतात मेंढरे बसवणाऱ्या धनगराची घोंगडी पाहा. लोकरीच्या अंगच्या तेलकटपणामुळे पावसाची सर चटकन आत मुरत नाही आणि घोंगडी भिजली तरी अंगाची ऊब पुरती जात नाही. एकाच जिल्ह्यातील हे दोन निवारे एकमेकांच्या जागी मात्र चालत नाहीत. इरले पांघरून माळावर झोपता येत नाही आणि घोंगडी घेऊन दिवसभर चिखलात लावणी करता येत नाही. उत्तम तंबू म्हणून निराळी वस्तू नसते; त्या जागेस, त्या ऋतूस आणि त्या कामास योग्य तो तंबू उत्तम.

हे तत्त्व आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आश्विनात आम्ही व आमचे एक सहकारी जांबोटीच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या बांधावर मुक्कामास राहिलो होतो. आमच्याजवळ एकपदरी, स्वस्त, एकमाणशी तंबू होता. संध्याकाळी पावसाची एक सर आली. पाणी आत येऊ नये म्हणून आम्ही तंबूचे तोंड व वरचे झरोके घट्ट बंद करून घेतले आणि आपल्या दूरदृष्टीवर खूश होऊन झोपी गेलो. पहाटे जाग आली ती थंडीने. छतातून थेंब गळत होते, अंथरूण ओले झाले होते आणि दात वाजू लागले होते. दुकानदाराने फसवले असे आमचे मत झाले. शेतकरीबाबा कंदील घेऊन आले, त्यांनी बाहेरून कापडावर हात फिरवला, मग आतून फिरवला आणि हसून म्हणाले, "मास्तर, पाऊस भायेर न्हवता, तुमच्या आतच हुता."

म्हातारबाबांचे निदान अचूक होते. झोपलेल्या माणसाच्या श्वासावाटे व त्वचेवाटे एका रात्रीत पाव ते अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ही वाफ कोंडली गेली की बाहेरच्या गारव्याने थंड झालेल्या कापडावर तिचे पाणी होते. झाकणीवर जमणाऱ्या थेंबांचाच हा प्रकार. त्यावर उपाय दोन. पहिला, तंबू दुपदरी असावा: आत जाळीची खोली व तिच्यावर थोडे अंतर सोडून पाऊस अडवणारे बाह्य छत. वाफ जाळीतून निसटते, छताला लागून थेंब बनते आणि बाहेरच्या बाहेर उतरून जाते. दुसरा, पाऊस असो वा नसो, वरचे झरोके उघडे राहतील अशीच रचना निवडावी. एकपदरी तंबू वजनास हलका खरा. परंतु आमच्या दमट सह्याद्रीत तो कमावलेले सारे वजन ओल्या अंथरुणाच्या रूपाने सकाळी परत करतो.

आता कापडाकडे वळू. जुने तंबू सुती कॅनव्हासचे असत. सुताचे धागे भिजले की फुगतात आणि विणीतील छिद्रे बुजतात; म्हणून तसले कापड पाणी अडवी. मात्र आतून बोट लागले की तेथून थेंब पाझरू लागे. हल्लीचे कापड नायलॉन अथवा पॉलिस्टर यांचे असून त्यावर लेप असतो. नायलॉन बळकट, पण भिजले की सैलावते; तेव्हा झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा ताणावे लागतात. पॉलिस्टर कमी सैलावते आणि उन्हातही अधिक टिकते. कापडाची पाणी अडवण्याची शक्ती मिलिमीटरांत सांगतात. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला असता किती उंचीपर्यंत पाणी झिरपत नाही, त्याचा तो आकडा असतो. छतासाठी दीड हजारांच्या खाली उतरू नये. तळासाठी तीन हजार असल्यास उत्तम, कारण आपले गुडघे व कोपरे तळाचे कापड ओल्या जमिनीवर दाबत असतात.

जमिनीचा विचार तर आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. चोर्ल्याच्या बाजूस जांभ्याचे सडे आहेत. तेथे मेख म्हणून आत जात नाही. ज्या तंबूचे उभे राहणेच मेखांवर अवलंबून असते तो तेथे आडवाच राहील. अशा ठिकाणी स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा तंबू घ्यावा आणि तणावे दगडांना बांधावेत. उलट निपाणीकडील काळ्या जमिनीत मेख सहज जाते, पण पाऊस लागताच तितक्याच सहज निघून येते. तेथे लांब व रुंद मेखा हव्यात. जागा निवडताना ओढ्याचे पात्र, वाळक्या फांद्यांचे झाड आणि जनावरांची पाण्यावर जाण्याची वाट या तिन्ही जागा टाळाव्यात. अगदी खोलगट जागाही टाळावी. रात्री थंड हवा तेथेच येऊन साचते.

जाळीची खोली व तिला शिवलेला अखंड तळ हवाच, असा आग्रह आम्ही आणखी एका कारणासाठी धरतो. ते कारण म्हणजे गोचीड. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात ज्या तापाची प्रथम ओळख पटली तो माकडताप गोचिडीच्या चाव्याने होतो आणि माणसाच्या जिवावर बेतू शकतो. गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्ग या आपल्या शेजारच्या तालुक्यांतही तो अलीकडच्या काळात आढळला आहे. त्याचा काळ मुख्यतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, म्हणजे नेमका रानात जाण्याचा हंगाम. बिनतळाचे हलके छप्पर परदेशच्या बर्फाळ डोंगरात शोभेल. आपल्या पालापाचोळ्यावर ते चालणार नाही. रानातून आल्यावर अचानक जोराचा ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांस प्रथम सांगावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. तंबूची लांबी आपल्या उंचीहून दीड वीत तरी अधिक असावी, नाही तर पाय व डोके ओल्या कापडास लागतात. आत ताठ बसता यावे. दाराशी छोटीशी पडवी असावी. तेथे ओले बूट व पिशवी राहते. आत शेगडी अथवा चूल कदापि पेटवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्यास वास नाही आणि तो झोपेतच प्राण घेतो. रंगाविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. हरणांना निळा रंग चांगला दिसतो, परंतु तांबडा व नारिंगी त्यांना आपल्यासारखा उठून दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेतील शिकारी नारिंगी बंडी घालतात. ती माणसांना दिसते, हरणांच्या डोळ्यांत मात्र भरत नाही. तेव्हा निळा तंबू टाळावा. मातकट तंबू घेतल्यास एखादे नारिंगी फडके जवळ ठेवावे, म्हणजे वाट चुकल्यास शोधणाऱ्यांस सापडता येते.

तंबू घरी आणल्यावर त्याची परीक्षा अंगणातच घ्यावी. प्रथम उजेडात उभारावा, मग दिवा मालवून अंधारात उभारावा. छतावर दोन घागरी पाणी ओतून शिवणी तपासाव्यात. एक रात्र त्यात झोपावे. अंगणात झालेल्या चुकीची किंमत घरच्यांच्या हसण्याएवढीच असते. रानात तीच चूक फार महाग पडते. भिजलेले शरीर वाऱ्यात झपाट्याने गारठते आणि गारठलेल्या माणसाची विचारशक्ती मंदावते. त्या पहाटे जांबोटीच्या बांधावर आम्हांस सुमारे एक तास साधी बुटाची नाडी बांधता येत नव्हती. जवळ सहकारी व शेजारी शेतकऱ्याची चूल नसती तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो.

म्हणून शेवटची गोष्ट त्या विद्यार्थ्यास निक्षून सांगितली व तुम्हांसही सांगतो. एकट्याचा तंबू याचा अर्थ एकट्याने जाणे असा नाही. वनखात्याच्या परवानगीवाचून अभयारण्यात मुक्काम करणे हा गुन्हा आहे आणि परवानगी असली तरी सोबतीवाचून जाणे हा अविचार आहे. प्रत्येकाने आपला निवारा आपल्या पाठीवर वाहावा, पण हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तो उभारावा.

आमचा विद्यार्थी सहा रात्री काढून परत आला. त्याने दुपदरी, कमानींवर उभा राहणारा, पावणेदोन किलोंचा मातकट तंबू घेतला होता. कोणते प्राणी पाहिलेस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "सर, दोन गवे आणि एक शेकरू. पण झरोका उघडा ठेवला होता." ते ऐकून आमची ती ओली रात्र अगदीच वाया गेली नाही, असे आम्हांस वाटले.