दुकानात केलेला बायोडेटा

2018 साली मी सांगलीत एका करसल्लागारांकडे दोन वर्षं काम करून पुण्यात नोकरी शोधत होते. बी. कॉम. झालेली, टॅलीवर हात बसलेला, जीएसटीची विवरणपत्रं भरायची सवय. सहा महिन्यांत चाळीसेक अर्ज पाठवले, एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. दोष बाजाराचा, असंच मी धरून चालले होते.

बायोडेटा मी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात करून घेतला होता. दुकानातल्या दादांनी संगणकातली एक तयार फाइल उघडली, जुनं नाव खोडून माझं घातलं, मार्क बदलले, प्रिंट काढली आणि तीच प्रिंट स्कॅन करून पीडीएफ दिली. पन्नास रुपये दिले आणि घरी आले. नाव आणि मार्क बरोबर आहेत एवढंच पाहिलं.

पुढे ओळखीतल्या एका काकांनी तो कागद एका कंपनीत हातोहात दिला, म्हणून मुलाखतीला बोलावणं आलं. समोरच्या मॅडमनी वरच्या ‘उद्दिष्ट’ या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “तुम्ही कॉमर्सच्या ना? मग इथे मेकॅनिकल क्षेत्रात प्रगती करायची आहे, असं का लिहिलंय?” ती ओळ माझ्या आधीच्या कुणाची तरी होती. शेवटच्या प्रतिज्ञापत्राखाली ठिकाणही त्याचंच राहिलं होतं, मिरज.

मग त्यांनी माझी पीडीएफ स्क्रीनवर उघडून ‘टॅली’ शब्द शोधला. काहीच सापडलं नाही. “शेकड्यांनी अर्ज आले की आम्ही आधी असे शब्द टाकून शोधतो. तुमची फाइल म्हणजे कागदाचा फोटो आहे, संगणकाला त्यात अक्षरच दिसत नाही.” ती नोकरी मिळाली नाही, पण चाळीस अर्जांचं काय झालं असेल ते त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी जे शिकले, ते सांगते.

फाइल स्वतः वर्डमध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये करा, मूळ फाइल जपून ठेवा आणि तिथूनच थेट पीडीएफ बनवा. मग पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वाचा. दोन रकाने, चौकटी किंवा रंगीत पट्ट्या असलेल्या नमुन्यांत नोकरीचं वर्ष बारावीच्या मार्कांशेजारी जाऊन बसलेलं दिसेल. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही सॉफ्टवेअर वाचतच नाहीत, म्हणून तो मुख्य मजकुरात लिहा. नोटपॅडमध्ये जे सरळ वाचता येतं, ते यंत्रालाही बहुधा वाचता येतं. मराठीत बायोडेटा द्यायचा असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ होऊन उघडते.

पान ए4, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर ठेवा. एकच फॉन्ट, 11 चा आकार, काळी शाई. वर नाव, मोबाइल, ईमेल, शहर. मग कामाचा अनुभव, सर्वांत अलीकडचा आधी. त्याखाली शिक्षण. वडिलांचा व्यवसाय, जात, वैवाहिक स्थिती हे लग्नाच्या बायोडेटात शोभतं, खासगी नोकरीच्या अर्जात त्याची गरज नाही. सरकारी अर्जात विचारलं असेल तर तिथे अचूक भरा.

सर्वांत जास्त वेळ कामाच्या ओळींना द्या. ‘अकाउंट्सचं सर्व काम पाहिलं’ असं मी लिहिलं होतं, त्यातून कुणाला काय कळणार? आता तिथे लिहिलंय: ‘24 व्यापाऱ्यांची जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी विवरणपत्रं भरली, टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी केल्या, दर महिन्याला बँकेचा मेळ घातला.’ काम तेच, पण आता ते दिसतं. केलं नाही ते मात्र एक अक्षरही लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

घरी संगणक नसेल तर दुकानात जाण्यात काहीच कमीपणा नाही. टायपिंगचे पैसे जरूर द्या, पण तिथेच उभं राहून पहिल्या ओळीपासून ठिकाण-दिनांकापर्यंत सगळं वाचा आणि मगच दुकानाची पायरी उतरा.