विज्ञानकथेतून विज्ञानदृष्टीकडे : डॉ. जयंत नारळीकर यांचे जीवन व साहित्य

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या अपरिचित लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा प्रथम पारितोषिकास पात्र ठरली. पुढे उलगडा झाला तेव्हा परीक्षकांना आश्चर्याचा सुखद धक्का बसला. जगताप नावाची कोणी व्यक्ती नव्हतीच. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने लावून ते टोपणनाव सिद्ध झाले होते. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताई यांनी केली होती. पद्मभूषण किताबाने गौरविला गेलेला, जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ स्वतःच्या लौकिकाचा आधार न घेता नवोदितांच्या रांगेत उभा राहिला, ही घटना त्याच्या स्वभावाची व विचारपद्धतीची निदर्शक आहे. लेखकाच्या नावाकडे पाहून नव्हे, तर लेखनाच्या गुणावरून निर्णय व्हावा, हीच तर विज्ञानाची शिकवण होय.

बनारसच्या घरातील फळा

जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे नामवंत गणिती असून बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार होत्या. त्यामुळे गणित आणि संस्कृत साहित्य या दोहोंचे संस्कार लहान वयातच झाले. शालेय व महाविद्यालयीन शिक्षण बनारस येथेच झाले.

या घरातील भिंतीवर मुलांसाठी फळे बसविलेले होते. नारळीकरांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार हे शिक्षणासाठी काही काळ त्यांच्याकडे राहत असत. ते अधूनमधून एखादे अवघड गणित फळ्यावर लिहून ठेवीत व भाच्याला ते सोडविण्याचे आव्हान देत. उत्तर सापडेपर्यंत गणित फळ्यावर तसेच राही. उत्तर सांगून टाकण्यापेक्षा प्रश्न समोर ठेवावा व मुलाला त्याच्याशी झुंजू द्यावे, ही अध्यापनाची रीत नारळीकरांनी जन्मभर स्मरणात ठेवली.

केंब्रिज आणि फ्रेड हॉइल

१९५७ साली बी.एस्सी. झाल्यानंतर ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथील गणिताच्या परीक्षेत ते रँग्लर झाले. १९६० साली खगोलशास्त्रासाठी असलेले टायसन पदक, १९६२ साली स्मिथ पारितोषिक आणि १९६३ साली पीएच.डी. असा त्यांचा क्रम चढताच राहिला. त्यांचे मार्गदर्शक होते सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. गुरु-शिष्यांनी मिळून १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर सर्व वस्तुमानाशी त्याचा संबंध असतो, या माख यांच्या विचाराला त्यात गणिती रूप देण्यात आले होते. या कामगिरीमुळे भारतात त्यांचे नाव घरोघर पोहोचले आणि १९६५ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावत असताना नवे द्रव्य निर्माण होत राहते, ही 'स्थिर स्थिती'ची कल्पना हॉइल यांनी पुरस्कारिली होती. १९६५ साली अवकाशातील सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा शोध प्रसिद्ध झाल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धांताकडे वळले. नारळीकर अल्पमतात राहिले, परंतु त्यांनी अभ्यास सोडला नाही. १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी मूळ कल्पनेत फेरफार करून नवे प्रतिरूप मांडले. त्यालाही सर्वमान्यता लाभली नाही. तथापि प्रचलित मताला पुराव्यानिशी प्रश्न विचारणारा कोणी तरी असावा लागतो, ही त्यांची भूमिका होती.

हॉइल हे स्वतः विज्ञानकादंबरीकार होते. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली होती. संशोधन करणाऱ्याने कथा लिहिणे यात काही कमीपणा नाही, हे शिष्याने गुरूच्या उदाहरणावरून जाणले.

मायदेशी परत, कथेचा जन्म

१९७२ साली नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. अहमदाबाद येथील एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना त्यांनी समोरच्या कागदावर कथा लिहावयास घेतली. तीच 'कृष्णविवर'. प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या सान्निध्यात काळ मंदावतो, हे सापेक्षतेचे तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

मराठीत विज्ञानकथा तत्पूर्वीही होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या कथांची भाषांतरे होऊ लागली होती, आणि श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. परंतु साहित्याच्या पंक्तीत या प्रकाराला मानाचे पान नव्हते. १९७५ साली कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनी नारळीकरांच्या कथेची दखल घेतली, तेव्हा वाचकांचे लक्ष या प्रकाराकडे वेधले गेले. 'किर्लोस्कर' मासिकातून त्यांच्या कथा येऊ लागल्या आणि 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह विशेष लोकप्रिय ठरला.

कथांमागील विज्ञान

नारळीकरांच्या कथांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील विज्ञान काढून घेतले तर कथाच उरत नाही. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत क्रिकेटपटूचा उजवा हात डावा होतो आणि डाव्या सोंडेची गणेशमूर्ती उजव्या सोंडेची होते. हा चमत्कार नव्हे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन तिची टोके जोडली असता तयार होणाऱ्या मोबियस पट्टीवरून एखादी सपाट आकृती फिरवून आणली, तर ती आरशातल्याप्रमाणे उलटून येते. हाच पीळ आपल्या त्रिमितीय अवकाशाला असेल तर काय होईल, असा प्रश्न लेखकाने विचारला आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले नाहीत आणि मराठ्यांचा जय झाला. क्षुल्लक फरकाने घटनांचा ओघ पालटू शकतो, हे आपत्तिसिद्धांताचे सूत्र आणि सूक्ष्मकणांच्या वर्तनाबाबत पुंजभौतिकीने दाखविलेली अनिश्चितता यांची सांगड येथे मराठी मनाला सर्वांत जवळच्या प्रसंगाशी घातली आहे. या कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही घेण्यात आले.

'हिमप्रलय' कथेत मुंबईवर बर्फ पडते. शास्त्रज्ञाने वेळीच दिलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत सर्वांना मोजावी लागते. 'धूमकेतू' या कथेचा शेवट तर विशेष विचार करण्याजोगा आहे. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूचा मार्ग वैज्ञानिक अण्वस्त्राच्या साहाय्याने बदलतात. तो धूमकेतू शोधणारा हौशी आकाशनिरीक्षक घरी परततो, तो घरच्यांनी संकटनिवारणार्थ यज्ञ केलेला असतो आणि संकट त्यामुळेच टळले अशी त्यांची खात्री असते. धूमकेतू परतविणे साधले. घरातील समजूत मात्र जागची हलली नाही. विज्ञानाची साधने वापरणारा समाज विज्ञानाची विचारपद्धती स्वीकारतोच असे नाही, हे मर्म एका घरगुती प्रसंगातून येथे प्रकट झाले आहे.

'वामन परत न आला' ही कादंबरी उत्खननात सापडलेल्या प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानावरून बनविलेल्या यंत्रमानवाची आहे. स्वतःसारखी यंत्रे स्वतःच घडवू शकणारे यंत्र मानवाला कोठे नेईल, हा तिचा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. 'प्रेषित', 'व्हायरस', 'अभयारण्य' या त्यांच्या अन्य कादंबऱ्या होत. त्यांची पात्रे कधी कधी कल्पनेची वाहक एवढीच राहतात आणि संवादांतून स्पष्टीकरणाचा भार जाणवतो, असा आक्षेप घेतला जातो; तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु सोप्या, निर्मळ मराठीत अवघड कल्पना सांगता येते, हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले. 'आकाशाशी जडले नाते' हा त्यांचा खगोलशास्त्रविषयक ग्रंथ याची साक्ष देतो.

संस्था, कसोटी आणि पोस्टकार्ड

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुढाकाराने १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान संस्था उभी राहिली. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक होते व २००३ पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. संशोधनाच्या या संस्थेचे दरवाजे त्यांनी शाळकरी मुलांसाठीही उघडे ठेवले. दुसऱ्या शनिवारची व्याख्याने हा तेथील प्रघातच झाला.

फलज्योतिषाबाबत केवळ टीका करून ते थांबले नाहीत. त्यांनी कसोटी घेतली. २००८ साली शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या व शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मपत्रिका एकत्र मिसळण्यात आल्या आणि प्रत्येक सहभागी ज्योतिषाकडे त्यांतील चाळीस पाठविण्यात आल्या. पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच सांगावयाचे होते. सत्तावीस जणांची उत्तरे आली. त्यांतील बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती.

स्वाक्षरीसाठी मुलांचा घोळका जमला की नारळीकर त्यांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातील एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल आणि त्याखाली स्वाक्षरीही असेल. त्याप्रमाणे ते उत्तरे लिहीत. बनारसच्या फळ्याचेच हे दुसरे रूप होते.

विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचे कलिंग पारितोषिक १९९६ साली, पद्मविभूषण २००४ साली व महाराष्ट्रभूषण पुरस्कार २०१० साली त्यांना प्राप्त झाला. बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे येथील आयुष्याची कहाणी सांगणाऱ्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. गणितज्ञ असलेल्या मंगलाताईंचे २०२३ साली निधन झाले. २० मे २०२५ रोजी पुणे येथे नारळीकरांची जीवनयात्रा संपली.

शाळा व ग्रामग्रंथालयांसाठी

वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे. हे कर्तव्य केवळ भाषणांनी पार पडणार नाही. गावच्या ग्रंथालयात नारळीकरांची पाच-सहा पुस्तके असावीत. शिक्षकांनी 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचून दाखवावी आणि वर्गात प्रत्येकाकडून कागदाची मोबियस पट्टी करून घ्यावी. एक पट्टी, डिंक व पेन्सिल यांपलीकडे खर्च नाही. 'धूमकेतू'चे वाचन ग्रामसभेच्या दिवशी चावडीवर व्हावे व त्यावर मोकळी चर्चा घडावी. पंचायतीने शाळेच्या भिंतीवर एक फळा केवळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा. आठवड्याला एक प्रश्न त्यावर लिहावा, आणि उत्तर कोणीतरी शोधून काढीपर्यंत तो पुसू नये.