किती मिनिटं बँडसमोर?

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. विंड बँड कंडक्टिंगमध्ये मास्टर्स करायचंय. यंदाच अर्ज करू की थांबू, कुठलं विद्यापीठ धरू, पैशांचं काय, आई-बाबांना काय सांगू? सगळं सांगते. फक्त एक गोष्ट आधी मनात पक्की धर, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यातूनच निघतात.

क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी खोलीचं दार लावून चार तास रियाज करू शकते. कंडक्टरला ती सोय नसते. तिचं वाद्य म्हणजे समोर बसलेली चाळीस-पन्नास माणसं. आरशासमोर हाताला वळण लागेल, पण आपला हात हलला की समोरचा आवाज कसा बदलतो, हे समोर माणसं असल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुठलाही निर्णय घेताना स्वतःला एवढंच विचार: यातून मला खऱ्या वाजवणाऱ्यांसमोर किती मिनिटं मिळणार?

त्या हिशेबाने सांगते, यंदा थांब. शाळेत शिकवायचं तुझं हे पहिलंच वर्ष. अमेरिकेतल्या बऱ्याच चांगल्या विभागांना दोन-तीन वर्षं शिकवलेली माणसं हवी असतात, आणि घेतात ते वर्षाला एखाद-दोघांनाच. पण नियम जाऊ दे. आज तू रोज चार-पाच तास सहावी-सातवीच्या मुलांसमोर उभी असतेस. मास्टर्सला गेल्यावर एवढा वेळ आठवड्यातसुद्धा क्वचितच मिळतो. मागच्या रांगेत बिनसलंय ते हॉर्नचं की ट्रम्पेटचं, सूर चुकलाय की लय, हे हात न थांबवता ओळखता यायला लागलं, की समज तुझी तयारी होत आली. ऑडिशनला तुझ्या कानाची हीच परीक्षा असते.

शाळेतून आल्यावर संध्याकाळी स्कोअर घेऊन बस. सुरुवात होल्स्टच्या ‘फर्स्ट सूट’पासून कर. १९०९ची रचना आहे, आणि विंड बँडचं शिक्षण तिच्यावाचून पुरं होत नाही. पहिल्या भागात आठ मापांची एक धून खाली ट्यूबा आणि युफोनियममध्ये सुरू होते आणि मग पुन्हा पुन्हा फिरून येते, मध्येच उलटीही होते. तिच्या पहिल्या तीन सुरांतून पुढचे दोन्ही भाग उभे राहतात. रेकॉर्डिंग आधी लावू नकोस, नाहीतर दुसऱ्याचीच लय डोक्यात बसते. एकेक ओळ गाऊन बघ. कुठे श्वास घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलने खूण कर, कारण तुझ्यासमोरचे सगळे श्वासावर वाजवणारे असतात. आणि लिहिलेला सूर कानात खरा ऐकायची सवय लाव: कागदावर सी असला तरी बी-फ्लॅट क्लॅरिनेटमधून निघतो बी-फ्लॅट, हॉर्नमधून एफ, आल्टो सॅक्सोफोनमधून ई-फ्लॅट.

मोठ्यांचा बँड हाताशी नाही, अशी तुझी तक्रार आहे. आठ जण तर जमतील? मोझार्टची सी मायनरमधली सेरेनेड दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बॅसून यांची आहे. आसपासच्या शाळांतले शिक्षक गोळा कर, रविवारी दुपारी बोलव, पोटभर जेवू घाल आणि दोन तास तालीम घे. उन्हाळी शिबिरांना जाशील तेव्हाही नुसतं बसून ऐकण्याऐवजी प्रत्यक्ष कंडक्ट करायची जागा घे. ती महाग असते, पण तिथे खर्च कर.

व्हिडिओ हा अर्जाचा जीव. कॅमेरा श्रोत्यांच्या बाजूला नको, वादकांच्या मधोमध, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव. निवडणाऱ्यांना तुझी पाठ नाही, चेहरा आणि हात बघायचे असतात. घरी आधी आवाज बंद करून बघ. क्लॅरिनेट कधी येतात, कुठे हळू व्हायचंय, कुठे सूर लांबवायचाय, हे नुसत्या हातांवरून कळतंय का? नुसतेच ठोके दिसत असतील तर पुन्हा कर. उंची कमी म्हणून हात मोठे करायला जाऊ नकोस. प्रवेशाआधीचा तुझा श्वास त्यांना दिसला की काम होतं.

आता विद्यापीठ. नावापेक्षा गुरू बघ, आणि तिथे आत्ता शिकणाऱ्या दोघांना फोन कर. विचार: आठवड्याला किती मिनिटं मिळतात? कुठल्या बँडसमोर? कार्यक्रमात कंडक्ट करायला देतात, की फक्त तालमीत? झाल्यावर सर जवळ बसवून बोलतात का? उत्तरं गोलमोल आली तर नाव कितीही मोठं असलं तरी सोड.

पैशांबद्दल मी ठाम आहे: यासाठी कर्ज काढायचं नाही. असिस्टंटशिप मिळाली की फी माफ होते किंवा बरीच कमी होते, वर थोडं मानधन. त्या बदल्यात फुटबॉलच्या मोसमात मार्चिंग बँड, बास्केटबॉलच्या सामन्यांना हजेरी, स्कोअरची कपाटं लावणं, खुर्च्या मांडणं हे सगळं येतं. मन लावून कर, त्यातून बँड चालवायचा कसा ते कळतं. पण पत्र हातात आलं की त्या कामाचे तास आणि पोडियमवरची मिनिटं शेजारी शेजारी लिहून बघ.

आई-बाबांच्या डोळ्यांसमोर बँड म्हणजे लग्नाची वरात नाहीतर परेड. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना ऐकव. १९५२ साली फ्रेडरिक फेनेलने ईस्टमन संगीत विद्यालयात एका ओळीला एकच वादक ठेवून विंड एन्सेम्बल उभं केलं, ते सांग. ग्रेंजरची ‘लिंकनशर पोझी’ लाव. ज्या होल्स्टचा सूट तू शिकतेयस तो संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांची त्याने स्वतः भाषांतरं केली आणि सावित्रीच्या कथेवर ऑपेरा लिहिला, हे आईला आवर्जून सांग. आणि पोरीबाळींचं हे काम नव्हे असं कुणी म्हणालंच, तर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे बँड १९९६पासून कित्येक वर्षं मॅलरी थॉम्पसन या बाईंनी सांभाळले, एवढं उत्तर पुरे.

तर या आठवड्यात दोनच कामं. होल्स्टचा पूर्ण स्कोअर मागव, आणि शुक्रवारच्या तालमीत कॅमेरा लाव. व्हिडिओ मला पाठव, जशी झाली असेल तशी तालीम दिसू दे. बसून बघू आणि कुठे काय करायचं ते ठरवू.