प्रत्येक चूक टिपायलाच हवी का?

प्रश्न : मी कराटेत ब्राउन बेल्ट आहे. सरांनी लहान मुलांच्या वर्गात मदतीला घेतलंय. चूक दिसली की लगेच थांबवते, तरी सुधारणा नाही. माझं काय चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर : तळमळ योग्यच आहे, पण प्रत्येक चूक टिपणं हे सहायकाचं काम नव्हे. झेनकुत्सु-दाची या पवित्र्यात पुढचा गुडघा आत झुकतोय? आज तेवढंच सांगा. काता (ठरावीक हालचालींचा क्रम) चालू असताना रांगेच्या मागे उभ्या राहा. वळल्यावर मागची मुलं पुढे येतात, समोर पाहायला कुणी नसतं, तेव्हा त्यांना तुम्ही दिसाल. चूक सुधारताना हात लावण्याआधी मुलाला विचारा. सरांशी मतभेद असतील तर वर्गानंतर बोला. कुमिते (लढतीचा सराव) मात्र सरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नका; डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा उतरवू नका, पालकांना कळवा.