सब्र आणि सुपारीचे रोप

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने काशीदच्या किनाऱ्यावरील सुरूची झाडे उन्मळली, मुरूड-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. वाचकहो, सूरह अल-बकराच्या १५५व्या आयतीत कसोटी म्हणून भय, भूक, धन व प्राण यांसोबत फळांच्या हानीचाही उल्लेख आहे; वाडीवाल्यास तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. मात्र तेथील ‘बिशैइन’ हा शब्द आपण घाईने ओलांडतो. त्याचा अर्थ ‘काही अंशाने’. हानी अंशाची आहे; जमीन, विहीर आणि हात उरले आहेत. सब्र म्हणजे स्वस्थ बसणे, हा समज कधीकधी आम्हा इमामांच्या बोलण्यातूनही पसरतो. प्रेषितांनी (स.) तर कयामत येऊन ठेपली तरी, शक्य असल्यास, हातातील रोप लावण्यास सांगितले आहे. नवी सुपारी धरण्यास पाच-सात वर्षे जातात. तोवर त्याच वाडीत केळी लावावी, पाहुण्यांस खोली द्यावी, पूर्वी न केलेले हलाल काम शिकून घ्यावे.