कामगार रुग्ण आणि आपला केसपेपर
(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील सभासदांसाठी)



आपल्या परिसरातील चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांपैकी फार मोठा वर्ग या ना त्या प्रकारे कारखान्याशी बांधलेला असतो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढे चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथे वाहन उद्योग व त्यास सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांची साखळी उभी राहिली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि या पट्ट्याचे दुसरे टोक म्हणून चाकणचे नाव दूरवर पोचले.

मोठ्या कारखान्यात स्वतःचे वैद्यकीय केंद्र असते. परंतु दहा-पंधरा माणसांच्या टर्निंग, प्लेटिंग किंवा पावडर कोटिंगच्या शेडमध्ये अशी सोय नसते. तेथील कामगाराचा पहिला चिकित्सक म्हणजे वस्तीतील वैद्य. असे असूनही केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुधा ‘खासगी नोकरी’ एवढेच लिहिले जाते. निदानपरिवर्जन हा आपल्या चिकित्सेचा पाया आहे. रुग्ण रोज आठ तास ज्या हेतूच्या सान्निध्यात असतो, तो हेतूच आपण नोंदविला नाही तर परिवर्जन कशाचे करावयाचे? प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही व्यवहार्य मुद्दे मांडले आहेत.

१) विचारावयाचे पाच प्रश्न

(अ) नक्की कोणत्या यंत्रावर वा कोणत्या टेबलावर काम करता? (आ) हाताला, कपड्याला, श्वासाला काय लागते? (इ) पाळी कोणती व ती किती दिवसांनी बदलते? (ई) सुट्टीत त्रास कमी होतो का? (उ) यापूर्वी कोठे व कोणते काम केले?

चौथा प्रश्न आपल्याकडे विशेष उपयोगी आहे. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कंडू, कास किंवा शिरःशूल गुरुवारी उतरत असेल, गणपती-दिवाळीच्या रजेत जवळजवळ नाहीसा होत असेल आणि कामावर रुजू होताच उलटत असेल, तर हेतू कामाच्या जागी आहे असे समजून पुढील विचार करावा.

पाचवा प्रश्नही टाळू नये. शिसे शरीरात गेल्यावर अस्थींमध्ये साठते व अनेक वर्षे राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखली भागातील भंगार गोदामांवर महानगरपालिकेने मोठी कारवाई केली. जागा मोकळी झाली तरी अशा व्यवसायात पूर्वी काम केलेल्या माणसाच्या शरीरातील संचय त्यामुळे जात नाही. म्हणून आजच्या नोकरीबरोबर कालचीही लिहून घ्यावी.

२) यंत्रतेल, कूलंट व त्वचा

लेथ किंवा सीएनसी यंत्रावरील कामगाराच्या अग्रबाहूंवर, तसेच तेलाने भिजलेली पँट जेथे घासते त्या मांड्यांवर, काळे टोक असलेल्या पिटिका दिसतात. बोटांच्या बेचक्यांत रूक्षता, कंडू व भेगा असतील तर पाण्यात मिसळून वापरले जाणारे कूलंट, तसेच हात धुण्यासाठी वापरलेले थिनर वा रॉकेल यांचा विचार करावा. प्लेटिंगच्या कामगारास बोटांवर खोल, कडा उचललेले, मानाने कमी दुखणारे व्रण असतील तर क्रोमियमचा संशय घ्यावा आणि नाकाचा पडदाही अवश्य पाहावा, कारण तेथे छिद्र पडू शकते.

अशा रुग्णास केवळ कुष्ठ समजून महामंजिष्ठादि काढा दिला आणि तो दुसऱ्या दिवशी त्याच टाकीपाशी उभा राहिला, तर औषधाचा दोष नाही. पथ्य अपुरे सांगितले गेले. हात सौम्य साबणाने धुवावेत, थिनर त्वचेस लावू नये, तेलकट कपडे रोज बदलावेत व घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत, काम संपल्यावर हात कोरडे करून खोबरेल तेल किंवा शतधौत घृत लावावे.

येथे एक सावधगिरी. ‘हातमोजे वापरा’ असे सरसकट लिहू नये. फिरत्या यंत्राजवळ (लेथ, ड्रिल) मोजा अडकून हात आत ओढला जातो. प्लेटिंगच्या टाकीवर मोजे हवेत, फिरत्या यंत्रावर नकोत. त्याचप्रमाणे पाळी सुरू होण्यापूर्वी तळहातांना तेल लावण्यास सांगू नये, पकड सुटते.

३) शूल, मलावष्टंभ व पांडुता

बॅटरी, भंगार, जुना रंग खरवडणे किंवा डाग देण्याचे काम करणाऱ्या रुग्णात वारंवार उदरशूल, मलावष्टंभ, पांडुता आणि मनगटाचे दौर्बल्य एकत्र आढळल्यास शिशाची विषबाधा मनात आणावी व रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. असा संशय असताना नागभस्म किंवा नागयुक्त त्रिवंग भस्म देऊ नये. लक्षणे वाताची वाटतात, परंतु हेतू वेगळा आहे. अशा रुग्णास चिठ्ठी देऊन यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात, विमाधारक असल्यास मोहननगर येथील ईएसआय रुग्णालयात पाठवावे.

शिसे, क्रोमियमचे व्रण, सिलिकोसिस, खनिज तेलाचा त्वचारोग, आवाजामुळे येणारे बाधिर्य हे कायद्याने कळविण्याजोगे रोग आहेत. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये ही तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती व्यावसायिक सुरक्षा संहितेत आली आहे. शासनास कळविण्याचे बंधन आधुनिक वैद्यकाच्या पात्रताधारकांवर आहे. आपली चिठ्ठी वेळेवर व स्पष्ट गेली, तर ही साखळी चालू होते आणि त्याच शेडमधील इतर कामगारांचीही तपासणी होण्याची शक्यता निर्माण होते.

४) रात्रपाळी

रात्रीचे जागरण रूक्ष व दिवसाची निद्रा स्निग्ध, हे आपण सर्व जाणतो. परंतु जागरणाने श्रमलेल्यास ग्रंथकारांनी दिवसा झोप वर्ज्य केलेली नाही. वाग्भटाचे मार्गदर्शन तर नेमके तिसऱ्या पाळीसाठीच असावे असे आहे: जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे. आपला कामगार मात्र सात-आठ वाजता घरी येतो, वडापाव-मिसळ खाऊन झोपतो आणि मग अम्लपित्ताची तक्रार घेऊन येतो. भूक फारच असल्यास पेज घेऊन झोपावे, मुख्य भोजन उठल्यावर करावे, एवढ्या बदलाने औषधाचे काम सोपे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीस ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. म्हणून पाळीची नोंद क्षुल्लक मानू नये.

औषधकाल लिहिताना ‘सकाळ-संध्याकाळ’ असे न लिहिता ‘झोपेतून उठल्यावर’, ‘मुख्य जेवणानंतर’ असे लिहावे. सर्पगंधा, तगर यांसारखी निद्राकर द्रव्ये प्रेस चालविणाऱ्यास किंवा वाहनचालकास कामापूर्वी देऊ नयेत. मृदु विरेचन बुधवारी रात्री द्यावे, म्हणजे वेग गुरुवारच्या सुट्टीत येतील.

आसव-अरिष्टांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वयंजात मद्यांश असतो. प्रवेशद्वारावर श्वासतपासणी होत असेल तर नुकत्याच घेतलेल्या मात्रेचा तोंडातील अंश यंत्रावर दिसू शकतो. कंत्राटी चालकाची नोकरी दशमूलारिष्टामुळे धोक्यात येऊ नये. अशांना अरिष्ट काम संपल्यावर द्यावे अथवा क्वाथ-चूर्णाचा पर्याय निवडावा.

५) प्रमाणपत्र व विमा

आजारपणाचे प्रमाणपत्र हा आपल्यासाठी एक कागद असतो. कामगारासाठी ती आठवड्याची मजुरी असते. त्यावर तपासणीची खरी तारीख, सुचविलेल्या विश्रांतीचा काळ, सही आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा (भारतीय वैद्यक) नोंदणी क्रमांक असावा, स्थळप्रत ठेवावी. मागील तारीख घालण्याचा आग्रह नम्रपणे नाकारावा.

रुग्ण ईएसआय योजनेत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. कंत्राटी कामगारही तीत येतो. या योजनेचा आजारपण लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. मात्र त्यासाठी प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे योजनेतील डॉक्टरांचेच लागते. आपल्याकडे पंधरा दिवस उपचार घेतल्यावर हे कळले, तर तेवढ्या दिवसांची रक्कम बुडण्याचा संभव असतो. म्हणून उपचार आपल्याकडे चालू असले तरी पहिल्याच दिवशी त्यास तेथे नाव लावण्यास सांगावे.

शेवटी गोपनीयतेविषयी. शेडचा मालकही पुष्कळदा आपलाच रुग्ण असतो. कामगाराच्या संमतीवाचून त्याच्या आजाराविषयी मालकाशी बोलू नये. संमती असल्यास व्यक्तीचे नाव न घेता ‘हात धुण्यास साबण ठेवा, थिनर बंद करा, टाकीवर धूर ओढणारा पंखा लावा’ असे सांगावे. खर्च थोडा असतो व कामगारांच्या गैरहजेऱ्या कमी होतात, हे मालकास पटते.

सारांश, नाडी व जिव्हेबरोबर यंत्र, पाळी आणि पूर्वीचे काम या तीन नोंदी आपल्या केसपेपरवर कायमच्या असाव्यात. त्यासाठी छापील केसपेपरवर तीन ओळी वाढवाव्या लागतील, इतकेच.