कऱ्हाड आणि कऱ्हाड

एका मासिकाच्या वर्गणीदारांची यादी मी पायथॉनमध्ये लावून दिली होती. अंक गावानुसार गठ्ठे करून पोस्टात जायचे. एका महिन्यात कऱ्हाडचा गठ्ठा भलताच बारीक निघाला. गळालेली नावं यादीत होती, पुढे गावही कऱ्हाडच होतं; पण दोन कऱ्हाडांमध्ये == घातलं की उत्तर ‘फॉल्स’.

पहिला संशय मागेपुढे राहिलेल्या स्पेसचा. त्या छाटल्या, फरक शून्य. मग अर्धा दिवस त्या शब्दाकडे नुसता बघत बसलो. शेवटी ‘लेन’ने लांबी मोजली: एक कऱ्हाड ६, दुसरं ७. पुढे तिसरंही सापडलं. तेही ७, तरी दुसऱ्याशी जुळेना!

घोळ ‘ऱ्ह’मध्ये होता. इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्याने शिफ्ट आणि जे दाबून सरळ ‘ऱ’ घेतला होता. कुणी र टाइप करून त्याला नुक्ता दिला होता. जुन्या फॉन्टमधून युनिकोडात आणलेल्या नोंदींत र, हलन्त आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर होता. हे चिन्ह दिसत नाही, जागाही खात नाही. पडद्यावर तिन्ही सारखे. == मात्र आकार बघत नाही, एकेक कोड पॉइंट ताडून पाहतं.

म्हणून तुलनेआधी दोन्ही बाजू ‘एनएफसी’ने नॉर्मलाइज करून घ्या. नुक्त्याचं भांडण तिथेच मिटतं. जॉइनरचं मिटत नाही, आणि इथे मी दुसऱ्यांदा आपटलो. सरसकट सगळे जॉइनर उडवले. दऱ्यांचा दर्या होतो तो असा. शेऱ्याच्या रकान्यात ‘अंक आचाऱ्यांकडे द्यावा’ असं होतं, त्याचं ‘आचार्यांकडे’ झालं. स्वयंपाकघरातल्या माणसाला एवढी बढती कुणी दिली नसेल. आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त घाला, मगच उरलेले जॉइनर काढा. आणि हे सगळं तुलनेपुरत्या प्रतीवर करा. पत्त्याची चिठ्ठी मूळ नोंदीवरूनच छापायची असते, तिला हात लावू नका.

राहता राहिला ‘ॲ’. युनिकोडात तो स्वतंत्रपणे २००८ साली आला. त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देत आलेत, आणि नॉर्मलाइज केलं तरी हे दोघे एक होत नाहीत. तिथे अदलाबदलीची ओळ हातानेच लिहावी लागते. माझ्या यादीतले ॲडव्होकेट त्यानंतर कुठे एका खणात आले.